थार, जिप्सी, जिम्नीचे बुश बदलताना: बोल्ट कधी आवळायचा?

सस्पेन्शनच्या सांध्यांमधले नवीन रबरी बुश टाकले, पैसे मोजले, आणि पावसाळा संपायच्या आत गाडी पुन्हा खडखडायला लागली. जिप्सी, थार, बोलेरो, जिम्नी अशा गाड्या कच्च्या रस्त्यांवर नेणाऱ्यांकडून ही तक्रार नेहमी ऐकू येते. दोष बहुतेक वेळा मालावर जातो: ‘रबर लोकल निघालं.’ कधी कधी ते खरंही असतं. पण चांगल्या कंपनीचा, बरोबर मापाचा बुशसुद्धा थोड्याच महिन्यांत फाटू शकतो, आणि तेव्हा कारण बसवण्याच्या पद्धतीत असतं. गाडी जॅकवर आहे, चाकं हवेत लोंबतायत आणि त्याच अवस्थेत मेकॅनिकने बोल्ट पूर्ण ताकदीने आवळून टाकला. नव्या बुशचं नुकसान तिथेच सुरू झालं.

असं का होतं हे कळायला आधी बुश आतून कसा असतो ते बघावं लागेल.

सस्पेन्शनच्या आर्मच्या, म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या दांड्याच्या, टोकाला एक गोल भोक असतं. त्यात दाबून बसवलेली एक लोखंडी नळी, तिच्या आत रबर, आणि रबराच्या मधोमध आणखी एक लहान नळी. बोल्ट या आतल्या नळीतून जातो. रबर दोन्ही नळ्यांना कारखान्यातच पक्कं चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की चेसिसवरचा ब्रॅकेट आतल्या नळीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो. मग ती जागची हलत नाही. अनेक बुशमध्ये या नळीच्या तोंडावर बारीक दातेही असतात, ते ब्रॅकेटमध्ये रुतावेत म्हणून. बाहेरची नळी आर्ममध्ये घट्ट बसलेली. चाक वर-खाली झालं की आर्म हलतो, बाहेरची नळी त्याच्याबरोबर फिरते, आतली तशीच राहते आणि मधल्या रबराला पीळ पडतो. कानाची पाळी चिमटीत धरून जराशी पिरगाळली तर जे होतं तेच इथे होतं. काही घासत नाही, काही सरकत नाही. पीळ पडतो आणि सोडला की सुटतो.

बोल्टभोवती बुश फिरतो असा समज फार पसरलेला आहे. रबरी बुशच्या बाबतीत तो चुकीचा आहे. तिथे फिरण्यासारखं काहीच नाही, म्हणून ग्रीसही लागत नाही. रबराचा पीळ हीच त्याची सगळी हालचाल.

आता हिशेब मांडू. आर्मची लांबी ४५० मिलीमीटर धरा. गाडी उचलल्यावर चाक नेहमीच्या जागेपेक्षा १०० मिलीमीटर खाली लोंबलं, म्हणजे आर्म साधारण १३ अंश खाली फिरला. इथेच बोल्ट आवळला तर रबराला हीच आपली मूळ जागा वाटणार. गाडी जमिनीवर उतरवली की लगेच १३ अंशांचा पीळ पडला, आणि गाडी रात्रभर अंगणात नुसती उभी असली तरी तो तसाच राहणार. पुढे खड्ड्यात चाक आणखी ८० मिलीमीटर वर गेलं की त्यात १० अंशांची भर. जे रबर वर आणि खाली असं दोन्हीकडे थोडं थोडं पिळलं जायला हवं होतं, ते एकाच दिशेने २३ अंश पिळलं जातंय, आणि तेही प्रत्येक खड्ड्याला. मग ते नळीपासून सुटतं किंवा कडेने फाटत जातं.

उपाय सोपा आहे आणि त्याला जादा पैसा लागत नाही. बोल्ट हाताने किंवा हलकेच पान्याने लावून ठेवायचे, गाडी चारही चाकांवर उभी करायची, बंपरवर दोन-तीनदा जोर देऊन सस्पेन्शन बसू द्यायचं आणि मग शेवटचं आवळायचं.

गाडी उंच करून घेणाऱ्यांनाही हाच नियम लागू. स्प्रिंग बदलून गाडी दोन इंच वर गेली, पण आर्मचे बोल्ट कुणी सैल केलेच नाहीत, तर सगळे जुने बुश त्या दिवसापासून पिळलेल्या अवस्थेत जगतात. लिफ्ट बसवल्यावर प्रत्येक रबरी बुशचा बोल्ट सैल करून, गाडी नव्या उंचीवर जमिनीवर उभी असताना पुन्हा आवळा. लिफ्टचं काम करून घेताना ‘हे केलंत का?’ असं विचारायला अजिबात संकोच करू नका.

कोणत्या गाडीत कुठले बुश

१९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीला चारही कोपऱ्यांवर पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. पाट्याचं एक टोक चेसिसला थेट पिनवर आणि दुसरं शॅकलवर, म्हणजे झुलणाऱ्या लहान जोडपट्टीवर, असतं. कमानीसारखा वाकलेला पाटा दाबला की सपाट होतो, म्हणजे त्याची दोन टोकं एकमेकांपासून लांब जातात, आणि त्या वाढलेल्या लांबीला जागा द्यायला शॅकल झुलतं. शॅकल लहान असल्याने त्याच्या बुशला कोन मोठा सोसावा लागतो: शॅकल १०० मिलीमीटरचं असेल आणि पाट्याचं टोक ३० मिलीमीटर सरकलं तरी कोन १७ अंशांच्या वर जातो. म्हणून शॅकलचे बुश लवकर झिजतात आणि आवाजही तेच आधी करतात. तरीही मला जास्त काळजी पिनवरच्या टोकाची वाटते. ॲक्सल पुढे-मागे कुठे राहणार हे तेच टोक ठरवतं. मागच्या एका बाजूचा तो बुश गेला तर ॲक्सल किंचित तिरका होतो आणि गाडी मागून वळायला लागते; गॅस दिला की एकीकडे, सोडला की दुसरीकडे.

२०१० च्या थारला मागे पाटे आणि पुढे टॉर्शन बारचं (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याचं) स्वतंत्र सस्पेन्शन होतं. २०२० च्या थारमध्ये पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि मागे कॉइल स्प्रिंगवर, अनेक लिंकने धरलेला सलग ॲक्सल आला. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आहेत आणि प्रत्येकाला तीन लिंक: दोन लांब आर्म आणि एक आडवा रॉड. हा आडवा रॉड, म्हणजेच पॅनहार्ड रॉड, ॲक्सलला डावीकडे-उजवीकडे सरकू देत नाही. पुढच्या ॲक्सलवर त्याचे बुश ढिले झाले की स्टेअरिंग वळवल्यावर आधी ॲक्सल बाजूला सरकतो आणि मग गाडी वळते. हे वाढत गेलं तर ठरावीक वेगाला एखादा खड्डा लागताच पुढची चाकं थरथरायला लागतात आणि गाडी हळू केल्याशिवाय थांबत नाहीत. ही थरथर अंगावर काटा आणते. ती लपवायला स्टेअरिंग डॅम्पर बदलून भागवू नका. आधी बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड आणि व्हील बेअरिंग तपासा.

बुश गेला हे कसं ओळखायचं

वरवर दिसणाऱ्या बारीक चिरांवरून घाबरून बुश बदलू नका. हवा लागून रबराच्या पृष्ठभागावर अशा चिरा पडतातच. बदलायची वेळ सांगणाऱ्या खुणा वेगळ्या आहेत. चीर खोल जाऊन आत फट दिसते. रबर नळीपासून सुटलेलं असतं. आतली नळी मध्यावर न राहता एका बाजूला गेलेली असते. ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला घासल्याची चकचकीत खूण असते. काही बुशमध्ये द्रव भरलेला असतो. तिथे गळतीचा काळा ओघळ दिसला की तो संपला.

आवाजावरून अंदाज बांधता येतो, पण खात्री होत नाही. स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना एकच जड ‘धप्प’ येत असेल तर आर्मचे बुश किंवा शॉक ॲब्सॉर्बरचं माउंटिंग. एकदा डावं, एकदा उजवं चाक खड्ड्यात जाताना ‘खटखट’ होत असेल तर स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडीचं कलणं कमी करणाऱ्या दांड्याचा जोड). ती लिंक तात्पुरती सोडवून मोकळ्या रस्त्यावर अगदी हळू एक फेरी मारा. आवाज गेला तर चोर सापडला आणि तोही स्वस्तातला. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर आतल्या कडेने खाल्ला जात असेल, तर लोअर आर्मच्या बुशवर संशय घ्या.

खात्री मात्र टॉमीनेच (लोखंडी पहारीने) होते. गाडी चाकांवर उभी ठेवून आर्म आणि ब्रॅकेट यांच्या मध्ये टॉमी घाला आणि हलकेच रेटा. रबर थोडं दबून परत यायला हवं. ते फट उघडत गेलं, किंवा ‘टक्’ करून लोखंड लोखंडावर आदळलं, तर बुश गेला. दुसरी पद्धत अशी की कुणालातरी स्टेअरिंगवर बसवायचं, ब्रेक दाबून ठेवायचा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये, मग रिव्हर्समध्ये किंचित ताण देऊन बघायची. आर्मचं टोक ब्रॅकेटमध्ये पुढे-मागे सरकताना डोळ्यांना दिसतं. या वेळी बाजूला, चाकाच्या वाटेबाहेर उभं राहायचं. इंजिन चालू असताना गाडीखाली कुणीही जायचं नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

टेप घ्या. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून कागदावर लिहून ठेवा. गॅरेजमध्ये पिट किंवा रॅम्प नसेल आणि गाडी जमिनीवर असताना बोल्टपर्यंत पाना पोचत नसेल, तर शेवटी हेच आकडे उपयोगी पडतात: ॲक्सलखाली किंवा लोअर आर्मखाली जॅक लावून अंतर लिहिलेल्या आकड्याइतकं आणायचं आणि त्या जागी बोल्ट आवळायचा.

चेसिसला पक्के स्टँड, उरलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि ॲक्सलला वेगळा जॅक. निव्वळ जॅकवरच्या गाडीखाली अंग घालू नका. पाट्याची गाडी असेल तर ॲक्सलचा जॅक थोडा वर-खाली करून बघा. एका जागी पिनवरचा ताण जातो आणि ती हाताने हलते. तिथेच ती काढायची. ताण असताना ठोकून काढली तर पाटा उसळून हाताला लागू शकतो. कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार असलेल्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये लोअर आर्मवर फार मोठा जोर साठलेला असतो. तो सुरक्षितपणे कसा काढायचा हे माहीत नसेल तर ते काम अनुभवी माणसाकडे द्या. इथे हौस नको.

जाम झालेला बोल्ट

बुश बदलण्यात खरा वेळ इथे जातो. कोकणातली खारी हवा आणि घाटातला पाऊस, चिखल यांत वर्षानुवर्षं फिरलेल्या गाडीचा बोल्ट आतल्या नळीला गंजून एकजीव झालेला असतो. नट सुटतो. बोल्टचं डोकं पान्याने फिरवलं तर थोडं फिरतंही. पण पाना सैल सोडला की ते झपकन मागे येतं. हे दिसलं की समजा, बोल्ट सुटलेला नाही. तुम्ही रबराला पीळ देताय आणि रबर तुम्हाला परत ढकलतंय.

आदल्या संध्याकाळपासून गंज सोडवणारं तेल दोन्ही टोकांना तीन-चारदा मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी नट टोकाला ठेवून, म्हणजे आटे खराब होणार नाहीत असं बघून, जड हातोड्याने मोजके ठोके द्या. हलका हातोडा घेऊन शंभर ठोके मारण्यात अर्थ नाही, त्याने बोल्टचं तोंड फक्त पसरतं. तरी निघाला नाही तर कापा. ब्रॅकेट आणि बुश यांच्या फटीत करवतीचं पातं किंवा पातळ कटिंग ब्लेड घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापला की आर्म खाली येतो. गॅस कटर शक्यतो नको. जळत्या रबराचा धूर वाईट, जवळ ब्रेकचे आणि डिझेलचे पाइप, आणि पाट्याच्या डोळ्याला उष्णता लागली तर त्याचं पाणीच उतरतं.

कापायच्या आधी नवा बोल्ट हातात असू द्या. जुन्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असेल तर नवा त्याच दर्जाचा हवा. हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा बोल्ट गेटला चालेल, सस्पेन्शनला चालणार नाही.

जुना काढणे, नवा बसवणे

जुना बुश काढण्यापूर्वी एक गोष्ट नीट बघा. अनेक बुशमध्ये रबर सगळीकडे सारखं नसतं, दोन बाजूंना मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. ज्या दिशेला पोकळी त्या दिशेला बुश मऊ, आणि काटकोनात कडक. खड्ड्याचा धक्का मऊ दिशेने जिरावा आणि वळणावर चाक कडक दिशेने पक्कं राहावं अशी ती योजना असते. म्हणून पोकळी कुठे होती याची आर्मवर रंगाने खूण करा, फोटो काढून ठेवा. चुकीच्या कोनात बसवलेला बुश नवा असूनही गाडी सैल चालवतो.

हायड्रॉलिक प्रेस असेल तर उत्तम. बरेच जण आर्म सोडवून प्रेसवाल्याकडे नेतात आणि तेच बरं. प्रेस करताना आर्मच्या भोकाला खालून चारही बाजूंनी आधार हवा, नाहीतर पत्र्याचा आर्म वाकतो. घरी करायचं तर लांब बोल्ट, जाड वॉशर आणि एकीकडे लहान, दुसरीकडे मोठं सॉकेट लावून बुश हळूहळू ओढून काढता येतो. अगदीच अडला तर रबर कोरून काढा, करवतीचं पातं आतून घालून बाहेरच्या नळीला लांबीच्या दिशेने एक काप द्या. काप पूर्ण व्हायच्या आत थांबा, म्हणजे आर्मच्या भोकाला चरा पडणार नाही. मग छिन्नीने नळी आत दुमडली की ती सुटते.

भोक पॉलिश पेपरने स्वच्छ करा. तडा किंवा अंडाकृती झिज दिसली तर त्यात नवा बुश घालण्यात पैसे घालवू नका. आर्म किंवा मुख्य पाटा बदला.

नवा बुश घेताना त्याच्या आतल्या नळीची लांबी जुन्याशी ताडून बघा. स्वस्त मालात ती एखाद-दोन मिलीमीटर कमी निघते. मग ब्रॅकेट तिला चिमटीत धरू शकत नाही, नळी बोल्टभोवती फिरायला लागते आणि बोल्ट खात सुटते. दुकानातच मोजा.

बसवताना दाब बाहेरच्या नळीच्या कडेवर द्यायचा, रबरावर किंवा आतल्या नळीवर नाही. बुश सहज सरकावा म्हणून साबणाचं पाणी लावा. इंजिन ऑइल, डिझेल, साधं ग्रीस यांपैकी काहीही लावू नका, कारण नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगतं आणि लिबलिबीत होतं. पाट्याला दोन अर्ध्या तुकड्यांचे रबर बुश असतील तर ते साबणाच्या पाण्याने हातानेच जातात. ते नळीला चिकटवलेले नसले तरी दाबाने पकड घेतात, त्यामुळे जमिनीवर आवळायचा नियम त्यांनाही आहेच. बोल्टच्या मधल्या गुळगुळीत भागावर अँटी-सीझचा (बोल्ट जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात फिरवा, म्हणजे पुढच्या वेळी करवत काढावी लागणार नाही. रबराला आणि आट्यांना तो लागू देऊ नका. कंपनीने दिलेला टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. ते ओले झाले तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

बुश जोडीने बदला. डावा नवा आणि उजवा जुना ठेवला तर ब्रेक मारताना दोन्ही चाकं वेगळी वागतात. बजेट कमी असेल तर आधी ॲक्सलला किंवा चाकाला जागेवर धरणारे बुश: आर्म, पॅनहार्ड रॉड, पाट्याचं पिनवरचं टोक. स्टॅबिलायझरचे नंतर केले तरी चालेल.

पॉलियुरेथेन घ्यावं का?

लाल-पिवळे, कडक, ‘आयुष्यभर टिकणारे’ बुश बघून मोह होतो. यांची रचनाच वेगळी. इथे पॉलियुरेथेन आतल्या नळीला चिकटवलेलं नसतं. नळी त्यात खरोखर फिरते. त्यामुळे पीळ साठत नाही आणि जमिनीवर आवळण्याचा नियम इथे तितका कडक नाही. मात्र घासणाऱ्या भागाला सिलिकॉन ग्रीस लागतं, ते वाळलं की कुरकुर सुरू होते. तांबड्या चिखलात गाडी घातली की बारीक वाळू नळी आणि बुशच्या मध्ये शिरते आणि पॉलिश पेपरचं काम करते.

त्याहून मोठा प्रश्न पीळ सोडून दुसऱ्या दिशांचा आहे. सलग ॲक्सलच्या गाडीचं एक चाक दगडावर चढतं तेव्हा ॲक्सल तिरका होतो आणि आर्मचं टोक ब्रॅकेटमध्ये वाकडं होऊ पाहतं. रबर हे सोसतं. कडक पॉलियुरेथेन विरोध करतं: चाक पुरेसं खाली जात नाही, जमिनीवरून सुटतं, आणि जोर ब्रॅकेटच्या वेल्डवर येतो. म्हणून जिम्नीसारख्या गाडीच्या लांब आर्मना मी कंपनीचं रबरच ठेवेन. पॅनहार्ड रॉड आणि स्टॅबिलायझरला पॉलियुरेथेन छान, तिथे सैलपणा नकोच असतो. जिप्सीच्या शॅकललाही ते सोयीचं, कारण प्रेसशिवाय हाताने बदलता येतं. पावसाळ्यानंतर उघडून पुसून ग्रीस लावायची तयारी मात्र हवी.

काम झाल्यावर

आर्मचे बुश बदलले की व्हील अलाइनमेंट करून घ्याच. जुन्या झिजलेल्या बुशच्या हिशेबाने लावलेली चाकं नव्या बुशवर वेगळ्या कोनात येतात आणि टायर खायला लागतात. पाचेकशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने एकदा बघा, पाटे उघडले असतील तर त्यांना ॲक्सलशी बांधणारे यू-बोल्ट आधी बघा. हे तपासतानाही गाडी चाकांवरच हवी.

आणि एक. पावसाळ्यापूर्वी गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला जुनं इंजिन ऑइल किंवा डिझेल फवारायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. पत्र्याला त्याने थोडा फायदा होतही असेल, पण बुश, ब्रेक होज, बॉल जॉइंटचे बूट अशा सगळ्या रबराचं त्याने वाटोळं होतं. फवारायचंच असेल तर रबराला चालणारं, मेणाचं अंडरबॉडी कोटिंग घ्या, आणि फवारणाऱ्याला सांगून प्रत्येक बुशवर आधी प्लास्टिकची पिशवी बांधून घ्या.